पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, नारिंगी बंडी

(बाड हॉम्बुर्ग. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर परात, परातीत सोललेली रानटर्की. मालिनीआजी आणि तिची नऊ वर्षांची नात मुक्ता.)

मुक्ता : अजून एक! आजी, अजून एक सापडला. इथे, पायाच्या वर.

आजी : दाबू नकोस. नुसतं बोट फिरव. डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं. हं, आता चिमट्यानं काढ आणि वाटीत टाक.

मुक्ता : टिंग. झेक्स.

आजी : सहा. मराठीत मोजलेस तरी तेवढेच होतात.

मुक्ता : सहा. आजी, केवढासा आहे हा छर्रा! मिरीपेक्षा छोटा. ह्यानं एवढा मोठा पक्षी मेला?

आजी : एकानं नाही मरत. पुष्कळ लागतात. शिजवायच्या आधी शोधून काढले नाहीत, तर खाताना दात तुटायचा. खालच्या हेर ब्रांटनी पक्षी देताना तुझ्या पपाला दहा वेळा बजावलंय.

मुक्ता : आणि माणसाला लागले तर?

आजी : माणसाला कशाला लागतील? ते चिमट्याचं टोक पूस बघू. आता सांग, ह्या पक्ष्याचं काय काय करायचं?

मुक्ता : करी.

आजी : अख्ख्या पक्ष्याची एकच करी? मग मी कोल्हापुरात जन्मून काय केलं? हे बघ, रानटर्की उडते थोडी, पळते फार. म्हणून पाय कसे आहेत?

मुक्ता : कडक.

आजी : चिवट म्हणतात. चिवटाला वेळ द्यायचा. पायांचा तांबडा रस्सा, मंद आचेवर दोन तास. छाती कोरडी, चरबीचा टिपूस नाही. तिला दह्यात ठेवायची आणि सुकं करायचं. हाडं आणि पंखांचं अळणी पाणी काढायचं, त्याचा पांढरा रस्सा. आणि उरलेल्या तुकड्यांचा खिमा.

मुक्ता : खिमा क्नोडलमध्ये भरायचा! फ्राउ ब्रांट बटाट्याचे गोळे करते ना, तसे. आत खिमा.

आजी : म्हणजे बटाटेवडाच की, न तळलेला. चालेल. लिही वहीत. आणि तिनं दिलेल्या त्या आंबट लाल फळांच्या जॅमचा चमचा तांबड्या रश्शात घालू, कोकमाच्या जागी.

मुक्ता : प्राइझलबेरेन. आजी, होऽऽ, ते खूप भारी लागेल! तू खाशील?

आजी : आज माझा शनिवार. उपास. मी शिजवणार आणि चव तू बघणार. मीठ कमी-जास्त झालं तर जबाबदारी तुझी. आता फ्रिजमधून दही आण. अगं, हात का वर केलास?

मुक्ता : दही मघाशी सांडलं. फ्रिजमध्ये. थोडं. खालच्या कप्प्यात पण.

आजी : बरं. कोणी सांडलं, असं मी विचारलं का?

मुक्ता : नाही.

आजी : मग शाबास. चौथीच्या वर्गाला मी एकतीस वर्षं हेच शिकवलं. ज्याच्याकडून चूक झाली त्यानं हात वर करायचा. बाई ओरडणार नाहीत, बाई थांबतील. तुझा पपा माझ्याच वर्गात होता. त्याचा हात तर आठवड्यातून तीनदा वर असायचा.

मुक्ता : पपा किती वाजता येणार?

आजी : तीन म्हणाला होता ना तुला?

मुक्ता : तीन वीस झाले.

आजी : शिकारीवर गेलेली माणसं. आठला हाकारा सुरू, मग शिकारीची मोजणी, मग त्यांचं सूप. लागतो वेळ. जा, ते चिकट हात साबणानं धुऊन ये, मग दही पुसू.

मुक्ता : हात धुतले. आजी, पपाची बंडी बाथरूममध्ये का आहे?

आजी : कुठली बंडी?

मुक्ता : नारिंगी. हाकाऱ्याची. हाइत्सुंगवर, त्या गरम पाइपांवर घातलीय. ओली आहे.

आजी : असू दे. आलं सोलायला घे.

मुक्ता : आजी, पण ती तर घालायची असते! पपाला हेर ब्रांटनी दिली होती ना. सगळे ओरडत, काठ्या आपटत चालतात, ससे आणि फेझंट बाहेर पळतात, समोरून ते लोक बंदूक मारतात. म्हणून सगळ्यांनी नारिंगी घालायचं. हेर ब्रांट म्हणतात, जे नारिंगी नाही ते जंगल.

आजी : दुसरी असेल पपाकडे.

मुक्ता : नाही. एकच आहे. सकाळी त्यानं काय घातलं होतं?

आजी : सहाला गेला तो. मी पूजेत होते.

मुक्ता : खुंटीवर त्याचं तपकिरी जॅकेट नाहीये. आजी, तो तपकिरी जॅकेट घालून गेला.

आजी : बरं मग.

मुक्ता : ससा पण तपकिरी असतो.

आजी : मुक्ता, आलं.

मुक्ता : मी फोन लावते पपाला.

आजी : लाव. आणि स्पीकरवर ठेव. माझे हात बरबटलेत.

मुक्ता : लागत नाही. ती बाई बोलते, नंतर करा म्हणते.

आजी : डोंगरामागं रेंज नसते. मागच्या शनिवारी तरी कुठं होती? त्या दिवशी साडेतीनला आला, हा पक्षी खांद्यावर टाकून.

मुक्ता : आता साडेतीन झाले. बाहेर नेबेल आहे, आजी. समोरचं चर्च दिसत नाही.

आजी : धुकं. दिसत नसेल तर शिकार बंद करतात. समजूतदार माणसं आहेत. तू हाडांच्या अळणी पाण्याचं पातेलं बघ. उकळी आली की वर फेस येतो, तो काढून टाकायचा. फेस ठेवला की रस्सा गढूळ. मी इकडे वाटण करते.

मुक्ता : खसखस ही?

आजी : ती नको. ती इथली काळी खसखस. गेल्या वर्षी घातली तर पांढरा रस्सा राखाडी झाला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत जेवले. बदाम घे, सोललेले. आणि तीळ. आता आण ते डब्यातलं नारळाचं दूध.

मुक्ता : आजी, ही फांदी इथंच ठेवू?

आजी : कुठली?

मुक्ता : पक्ष्याच्या चोचीत होती ती. हेर ब्रांटनी ठेवली होती. छोटी, ख्रिसमसच्या झाडासारखी. त्याला शेवटचा घास म्हणतात. मेल्यावर तोंडात ठेवतात, म्हणजे तो उपाशी जात नाही. मी वहीत ठेवली होती. आपल्याकडे पण असं ठेवतात?

आजी : प्राण्यांना नाही ठेवत.

मुक्ता : मग कोणाला?

आजी : फेस आला बघ वर. काढ, काढ.

मुक्ता : कोणाला ठेवतात, आजी?

आजी : ती फांदी खिडकीत ठेव. नको, खिडकीत नको. वहीतच असू दे. आता अळणी पाण्याची चव बघ. फुंकर मार आधी.

मुक्ता : ईऽऽ! खारट! खूप खारट!

आजी : खारट कसं होईल? एक चमचा तर मीठ.

मुक्ता : तू दोनदा घातलंस. आधी घातलंस, मग मी फोन लावत होते तेव्हा परत घातलंस. मी बघितलं.

आजी : मग बोलली का नाहीस?

मुक्ता : तू चुकत नाहीस कधी. मला वाटलं कोल्हापूरमध्ये दोनदा घालतात.

आजी : बाई गं. बरं, घाबरू नकोस. पातेल्यात एक बटाटा सोड, अर्धा करून. आणि दोन भांडी गरम पाणी. शिजवताना बिघडलेलं बहुतेक सगळं पाण्यानं सावरता येतं.

मुक्ता : मी घाबरले नाही. तू घाबरलीस.

आजी : तू बटाटा सोड.

मुक्ता : आजी, ऐक. ऐकू येतंय?

आजी : काय?

मुक्ता : हेलिकॉप्टर. खाली आहे खूप. दिसत नाही, पण खाली आहे. तिकडं जातंय, डोंगराकडं.

आजी : रोज जातात विमानं. फ्रँकफर्ट जवळ आहे.

मुक्ता : हे विमान नाहीये! आमच्या शाळेत दाखवलं होतं. माणसाला काही झालं, आणि गाडी पोचत नसेल, तर हेलिकॉप्टर जातं. आजी, मी फ्राउ ब्रांटला फोन करू? हेर ब्रांट पण तिकडंच आहेत ना.

आजी : कर. नाही, थांब. हो, कर. हळू बोल, तिला घाबरवू नकोस.

मुक्ता : हालो, फ्राउ ब्रांट? इश बिन्स, मुक्ता. जा. जा. नाइन, नोख निश्त. वेऽर? जा. ओके. जा, माखं इश. च्युस.

आजी : काय म्हणाली? सगळं सांग. जसंच्या तसं.

मुक्ता : तिला बेकरीतल्या बाईचा फोन आला. बेकरीवाल्या बाईचा मुलगा पण तिकडे गेलाय. तो म्हणाला, कोणालातरी लागलंय आणि हेलिकॉप्टर बोलावलंय. मग त्याचा फोन कट झाला.

आजी : कोणाला लागलं?

मुक्ता : मी विचारलं ना, वेऽर, कोण म्हणून. तिला माहीत नाही. हेर ब्रांटचा फोन पण लागत नाही. ती म्हणाली, तुझ्या ओमाजवळ बस आणि देवाची प्रार्थना करा. ती रडल्यासारखी बोलत होती, आजी. आईला फोन करू?

आजी : आई तिकडे येना शहरात आहे, कामात. तिला काय सांगणार? आपल्यालाच काही माहीत नाही. नुसती भीती तिकडे कशाला पाठवायची? आधी कळू दे, मग करू.

मुक्ता : मग आपण काय करायचं?

आजी : बदाम वाटायचे.

मुक्ता : आजी!

आजी : अगं, मग काय करू मी? मला जर्मन येत नाही, गाडी येत नाही, तो डोंगर कुठं आहे तेही मला माहीत नाही. मला हे येतं. बस इथे. बदाम घे. एक एक सोल. सोलून झाला की मला दे, आणि मोठ्यांदा मोज.

मुक्ता : एक. दोन. तीन. आजी, वाटीत किती छर्रे झाले?

आजी : सहा. पहिला तूच काढलास, आठवतंय?

मुक्ता : एकानं नाही मरत म्हणालीस. सहानं मरतो का माणूस?

आजी : मुक्ते, इकडे ये. ये माझ्याजवळ. हात हळदीनं पिवळे असू देत. माणूस मोठा असतो, अंगात जाड जॅकेट असतं. नाही मरत.

मुक्ता : नक्की?

आजी : मला वाटतं तसं.

मुक्ता : तू नेहमी नक्की म्हणतेस. आज वाटतं म्हणालीस.

आजी : मोज. चार.

मुक्ता : आजी.

आजी : बोल.

मुक्ता : मी हात वर केलाय.

आजी : आता कशाला? काय सांडलं?

मुक्ता : काही नाही सांडलं. ती बंडी. मंगळवारी आमची कंदिलांची मिरवणूक होती, सांक्ट मार्टिनची. अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून मी पपाची बंडी घालून गेले होते. न विचारता. घरी आल्यावर मी ती कुठं ठेवली ते मला आठवत नाही. खुंटीवर ठेवली की धुण्याच्या टोपलीत टाकली, मला खरंच आठवत नाही. मी टोपलीत टाकली असेल तर, आजी, म्हणून ती ओली आहे. म्हणून पपा तपकिरी घालून गेला. माझ्यामुळं.

आजी : रडू नकोस.

मुक्ता : तू ओरड ना!

आजी : रडू नकोस म्हटलं ना. नाक पूस.

मुक्ता : पपाला काही झालं असेल तर ते मी केलं.

आजी : खुंटीवर होती.

मुक्ता : काय?

आजी : बंडी खुंटीवरच होती. तू जिथली तिथं ठेवली होतीस. मी काढली. काल दुपारी.

मुक्ता : तू?

आजी : मागच्या शनिवारी त्यानं हा पक्षी त्याच बंडीवरून आणला ना, तिला रक्त लागलं होतं. वास येत होता. आणि ती खुंटी कुठं आहे? देव्हाऱ्याच्या बरोबर समोर. आठवडाभर मी दिवा लावताना ती माझ्या डोळ्यांसमोर. काल राहवलं नाही. बादलीत भिजवली, घासली, वाळत टाकली. जयंतला विचारलं नाही. म्हटलं, शिकार झाली एकदाची, आता कशाला लागतेय. आज परत जाणार आहे, हे मला रात्री जेवताना कळलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

मुक्ता : का नाही बोललीस?

आजी : वाटलं, सकाळपर्यंत वाळेल. इथं काही वाळत नाही, हे माहीत असून. मग वाटलं, त्याला दिसेलच. आणि देवासमोर नको म्हणून काढली म्हटलं की तो चिडतो. म्हणून बोलले नाही.

मुक्ता : मघाशी मी विचारलं, तेव्हा पण नाही बोललीस. मी रडले तेव्हा पण लगेच नाही.

आजी : नाही बोलले.

मुक्ता : तू बाई होतीस ना.

आजी : होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हात वर करायला लावले. माझा कधी करावा लागला नाही. तो इतका जड असतो, हे माहीत नव्हतं.

मुक्ता : आजी, तू रडतेस?

आजी : कांदा आहे.

मुक्ता : कांदा अजून चिरला नाहीये.

आजी : मग चिरू या. आण तो. तांबडा रस्सा राहिलाय. तो आल्यावर भुकेला असेल. सकाळपासून काही खाल्लं नसेल त्यानं. लाईट लाव, दिसेनासं झालं. किती वाजले?

मुक्ता : पाचला दहा कमी. मी परत फोन लावते.

आजी : लाव.

मुक्ता : तीच बाई.

आजी : परत लाव.

मुक्ता : तीच. आजी, खाली दार वाजलं. मोठं दार. कोणीतरी वर येतंय.

आजी : थांब. पळू नकोस. मी उघडते. पोलीस असले तर तू आत जा.

मुक्ता : पोलीस का?

आजी : मागं हो, मुक्ता.

मुक्ता : चावी फिरतेय! आजी, चावी! पपा! पपाऽऽ!

जयंत : अरे अरे अरे! अगं, पाडशील मला. चिखलानं भरलोय मी. आई, काय झालं? तू भिंतीला धरून का उभी आहेस?

आजी : हात दाखव. दोन्ही. वळ. मागं वळ.

जयंत : मला काही नाही झालं. फोन मेला होता, तिकडे रेंजही नव्हती. तुम्हाला कळलं वाटतं?

मुक्ता : हेलिकॉप्टर आलं! फ्राउ ब्रांट म्हणाली कोणालातरी लागलं!

जयंत : हेर ब्रांटचे मेव्हणे. मचाणाच्या शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलंय, पण बोलत होते. हेर ब्रांट गेलेत दवाखान्यात. त्यांची गाडी आणि कुत्रा घेऊन मी आलो. कुत्रा खाली आहे. फ्राउ ब्रांटला आत्ताच सांगितलं सगळं.

आजी : बस. बस आधी. पाणी घे. मुक्ता, ताट घे पपाला.

जयंत : काय सुटलाय वास! पांढरा रस्सा? आई, दिवसभर मी वाटाण्याचं सूप ढवळत बसलो होतो, माहितीये? सकाळी सगळ्यांना ओळीत उभं केलं, हेर ब्रांट माझ्यापाशी आले आणि थांबले. म्हणाले, बंडी नाही तर रानात नाही. जादा बंडी कोणाकडे नव्हती. मला पाठवलं झोपडीत, सूप सांभाळायला.

मुक्ता : म्हणजे तू रानात गेलाच नाहीस?

जयंत : नाही. म्हणजे शेवटी गेलो. मेव्हणे पडले ते झोपडीपासून जवळच. ओरडणं ऐकलं आणि पळालो.

आजी : ह्या जॅकेटात?

जयंत : सुचलंच नाही काही, आई. झुडपांतून वाकून पळत होतो. धुकं होतं. हाकारा अजून संपला नव्हता. नंतर एक म्हातारा शिकारी माझ्याजवळ आला. टोपी काढली. मग म्हणाला, मी बंदूक तुझ्यावर धरली होती. बोट चापावर होतं. तू खोकलास म्हणून थांबलो. त्याला बसवलं, पाणी दिलं.

मुक्ता : पपा.

जयंत : ये, इथे बस. झालं ते झालं. आता परत नाही जाणार मी, निदान ह्या वर्षी. आणि चूक माझीच. पहाटे खुंटीवर हात घातला, बंडी नव्हती. दिवा लावून शोधायला हवी होती. आळस केला. वाढ गं आई, भूक लागलीय.

मुक्ता : वाढलंय. पण पपा, थांब. अजून खाऊ नकोस.

जयंत : का? मीठ राहिलं?

मुक्ता : नाही. मागं बघ. आजीनं हात वर केलाय.